पॉल व्हाइटमन आणि त्याचा डान्स बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण जमून जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या ऐकतो. नाट्यपदं, लावण्या, ठुमऱ्या चालू असताना मध्येच मी एखादी परदेशी तबकडी सरकवतो. पॉल व्हाइटमनची लावली की पुढचा आठवडाभर मेसेज येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, चिवट नंतर. खरं भांडण बघायचं असेल तर थेट प्रश्न ७ वर जा.

१. हा पॉल व्हाइटमन नेमका कोण? नाव ऐकल्यासारखं वाटतं, पण एकही गाणं आठवत नाही.

१९२० च्या दशकातल्या अमेरिकेत सगळ्यात नावाजलेला डान्स बँड त्याचा. जन्म २८ मार्च १८९०, कोलोरॅडोतलं डेन्व्हर. मृत्यू २९ डिसेंबर १९६७, पेनसिल्व्हेनियातलं डॉइल्सटाउन. वडील विल्बरफोर्स हे डेन्व्हरच्या सरकारी शाळांमधल्या संगीतशिक्षणाचे प्रमुख. पोरगा व्हायोला शिकला, आधी डेन्व्हरच्या आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. पहिल्या महायुद्धात नौदलाचा बँड सांभाळला. त्यानंतर हॉटेलांची रांग: सॅन फ्रान्सिस्कोतलं फेअरमाँट, लॉस एंजेलिसचं अलेक्झांड्रिया, अटलांटिक सिटीचं अँबॅसिडर, आणि १९२० मध्ये न्यूयॉर्कचं पॅले रॉयाल.

गाणं आठवत नाही कारण तो गायक नव्हता आणि संगीतकार म्हणूनही त्याची ओळख नव्हती. तो माणसं जमवणारा होता. संगीतकार गर्शविनची पियानो आणि बँडसाठीची रचना 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू', गायक बिंग क्रॉस्बीचा आवाज, बिक्स बायडरबेकचा कॉर्नेट (ट्रंपेटचा आखूड भाऊ). नावं त्यांची राहिली, पगारपत्रकावर सही याची होती.

२. गोऱ्या माणसाने काळ्यांचं संगीत वाजवलं म्हणून 'व्हाइटमन' हे टोपणनाव पडलं का?

नाही, खरंच आडनाव आहे. वडिलांचंही तेच. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता मी तबकडी लावायच्या आधीच सांगून टाकतो. टीकाकारांना मात्र आयतंच कोलीत मिळालं, ते प्रश्न ७ मध्ये.

३. डान्स बँड म्हणजे आपल्या वरातीतल्या बँडसारखं काही का?

वरातीतला बँड रस्त्यावरून चालतो. हा बसून वाजवायचा, आणि समोर लोक जोडीजोडीने फॉक्सट्रॉट नाचायचे. हॉटेलं, बॉलरूम आणि रात्रीचे क्लब या बँडना महिनोन्महिने ठेवून घेत. १९२० मध्ये व्हाइटमनकडे जेमतेम नऊ वादक होते: ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, पियानो, बँजो, ट्यूबा, ड्रम अशी जुळणी. बँजोवाला माइक पिंगिटोर पायाने अधू, पण व्हाइटमनबरोबर कित्येक दशकं टिकला. दशक संपेपर्यंत हा ताफा तिशीच्या आसपास पोचला होता.

व्हाइटमन स्वतः बहुतेक वेळ पुढे उभा राहून, कधी व्हायोलिन हातात धरून, ताल दाखवायचा. तीनशे पौंडांच्या घरातलं शरीर, चापून बसवलेले केस, पेन्सिलने काढल्यासारखी मिशी. व्यंगचित्रकाराला दोन रेषांत सापडणारा माणूस. हे त्यालाही माहीत होतं. १९२८ मध्ये तो कोलंबिया कंपनीकडे गेला तेव्हा तबकडीच्या लेबलावरच त्याचा गोल चेहरा छापला गेला. संग्राहक आजही त्या लेबलाला 'बटाट्याचं डोकं' म्हणतात.

४. 'व्हिस्परिंग' ही तबकडी एवढी का गाजली? ऐकली, साधंच तर गाणं आहे.

साधंच आहे. ऑगस्ट १९२० मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये व्हिक्टर कंपनीने ती मुद्रित केली. मागच्या बाजूला 'द जॅपनीज सँडमन'. वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या असं सांगतात. त्या काळी खपाचे आकडे बाहेरून कुणी तपासत नसे, तेव्हा आकड्यावर पैज लावू नका. पण तबकडी घरोघरी पोचली होती यात वाद नाही.

पुन्हा ऐका, आणि या वेळी चालीकडे लक्ष न देता चाल कोणाच्या हातात आहे ते बघा. एका आवर्तनात एक वाद्य पुढे, पुढच्यात दुसरंच, मध्येच सरकत्या दांडीची शिट्टी येऊन तीच चाल वाजवते, आणि मागे सॅक्सोफोन वेगळी ओळ धरतात. त्याआधीचे पुष्कळ बँड तीच चाल सगळे मिळून शेवटपर्यंत दामटत. इथे तीन मिनिटांत पाच-सहा वेळा रंग बदलतो. ही करामत फर्डी ग्रोफे या पियानोवादकाची. तो बँडसाठी अरेंजमेंट लिहायचा, म्हणजे कोणी कुठे काय वाजवायचं ते आधीच कागदावर.

आणि हे सगळं मायक्रोफोनशिवाय. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत, मोठ्या आवाजाची वाद्यं मागे. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ मध्ये.

५. सगळं लिहूनच वाजवायचं तर ते जॅझ कसलं? जॅझ म्हणजे आयत्या वेळी सुचणारं ना?

बरोबर, आणि म्हणूनच मी व्हाइटमनच्या बहुतेक तबकड्यांना 'जॅझची चव असलेलं नाचाचं संगीत' म्हणतो. त्याच सुमाराला, १९२३ मध्ये, किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडच्या तबकड्या निघाल्या, तरुण लुई आर्मस्ट्राँगसकट. त्या आणि व्हाइटमनच्या पाठोपाठ ऐकल्या की फरक सांगावा लागत नाही. ऑलिव्हरकडे दोन कॉर्नेट एकमेकांच्या अंगावर धावून जातात. व्हाइटमनकडे सगळे रांगेत उभे असतात.

पण लिहिणं म्हणजे जॅझ नाही, हेही फार ताणू नका. जॅझमधला थोर काळा संगीतकार ड्यूक एलिंग्टन लिहायचा. फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी डॉन रेडमन लिहायचा, आणि त्याच लिखाणातून पुढे स्विंगचे, म्हणजे १९३० च्या दशकातल्या नाचाच्या जॅझचे, मोठे बँड उभे राहिले. लिहिलेल्यात एकट्याने वाजवायला जागा ठेवली आहे का, हे बघायचं. व्हाइटमनकडे ती जागा १९२७ नंतर, बिल चॅलिस हा अरेंजर आल्यावर, नीट दिसू लागली (प्रश्न ९).

६. 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' तर गर्शविनची. मग व्हाइटमनला श्रेय कशाचं?

मागणी त्याची, मंच त्याचा आणि तोटाही त्याचा. हे जरा सविस्तर सांगायला हवं.

व्हाइटमनच्या डोक्यात होतं की जॅझ नाचघरातून उचलून सभागृहात न्यायचं. १२ फेब्रुवारी १९२४ ची दुपार ठरली, जागा न्यूयॉर्कचा एओलियन हॉल, नाव 'आधुनिक संगीतातला एक प्रयोग'. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली की जॉर्ज गर्शविन या कार्यक्रमासाठी जॅझ कन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि त्याच्या साथीला वाद्यवृंद) लिहितो आहे. गर्शविन त्या वेळी बिलियर्ड खेळत होता. बातमी भाऊ आयराने त्याला वाचून दाखवली. आपण असं काही लिहीत आहोत याचा जॉर्जला पत्ताच नव्हता. हाताशी पाचेक आठवडे. तो दोन पियानोंसाठी लिहीत गेला आणि ग्रोफे त्याच्या हातून पानं घेऊन बँडसाठी उतरवत गेला. चार फेब्रुवारीला ग्रोफेचं काम संपलं. पियानोची काही पानं कोरीच राहिली. तिथे बँडने गर्शविनच्या मानेच्या इशाऱ्याची वाट बघायची होती.

सुरुवातीला क्लॅरिनेट जिन्यावरून घसरत वर जावं तसा खालच्या सुरापासून वरपर्यंत ओढला जातो. कागदावर ती सुटी सुटी सुरावट होती. तालमीत रॉस गॉर्मनने गंमत म्हणून मींड घेतली, गर्शविनला आवडली, तशीच राहिली. आपल्या कानाला ती परकी वाटत नाही.

कार्यक्रम लांबलचक होता. सुरुवात दहा वर्षांपूर्वीचं 'अडाणी' जॅझ कसं होतं ते दाखवणाऱ्या विनोदी तुकड्याने आणि शेवट चक्क एल्गर या इंग्रज संगीतकाराच्या मिरवणुकीच्या मार्चने. ऱ्हॅप्सडी शेवटून दुसरी, लोक कंटाळले असताना. श्रोत्यांत रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉफ होते, मार्च लिहिणारे सूझा होते. टाळ्या थांबेनात. त्या दुपारी व्हाइटमनच्या स्वतःच्या हिशेबाने सात हजार डॉलर बुडाले, पण पुढची सगळी वर्षं तो त्याच दुपारच्या व्याजावर जगला.

७. मग 'किंग ऑफ जॅझ' हे बिरुद खरं की खोटं?

जाहिरातबाजीतून आलेलं, आणि खोटं. एवढ्यावर थांबलो तर मात्र अन्याय होईल.

आपल्याकडे अशाच जातीचा वाद नाट्यसंगीताबद्दल झाला. १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. बैठकीतला राग नाटकाच्या पदात आला आणि ज्याने आयुष्यात कधी ख्याल ऐकला नव्हता तोही गुणगुणू लागला. काहींनी नाकं मुरडली. पण बालगंधर्वांना 'ख्यालाचे सम्राट' असं कुणी म्हटलं नाही, म्हणून भांडण आवाक्यात राहिलं. व्हाइटमनच्या गळ्यात नेमकी तीच पाटी अडकवली, आणि त्यानेही ती काढली नाही. राज्य न्यू ऑर्लीन्सच्या आणि शिकागोच्या काळ्या वादकांचं, मुकुट याच्या डोक्यावर. (बालगंधर्व आणि व्हाइटमन एकाच साली, १९६७ मध्ये गेले. दोघांनाही मोठा ताफा आणि थाटमाट यांचा सोस होता. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला दर वेळी आठवतं.)

राग काढायचाच असेल तर १९३० च्या 'किंग ऑफ जॅझ' या चित्रपटाचा शेवट बघा. भलं मोठं कढईसारखं पात्र, त्यात देशोदेशीचे लोक आपापलं संगीत ओततात आणि जॅझ तयार होतं. इटालियन आहेत, स्कॉटिश आहेत, रशियन आहेत. आफ्रिकेतून आलेलं कोणीच नाही. दुसरी बाजूही ऐका: एलिंग्टनने आपल्या आत्मचरित्रात व्हाइटमनबद्दल आदरानेच लिहिलं आहे, आणि एलिंग्टनला कुणाची हांजी हांजी करायची गरज नव्हती.

८. त्याच्या बँडमध्ये एकही काळा वादक नव्हता, हे खरं का?

मंचावर कायमच्या खुर्चीत नव्हता. हॉटेलं, नाचघरं, दौरे सगळीकडे वर्णभेद होता आणि त्याच्याविरुद्ध जाण्याची हिंमत त्याने दाखवली नाही. पडद्यामागे चित्र वेगळं होतं. विल्यम ग्रँट स्टिल या काळ्या संगीतकाराने त्याच्यासाठी अरेंजमेंट लिहिल्या. मार्च १९२८ मध्ये पॉल रोबसनने व्हाइटमनच्या वाद्यवृंदाबरोबर 'ओल मॅन रिव्हर' मुद्रित केलं; गायक काळा, बँड गोरा, लेबलावर दोघांची नावं. म्हणजे काळ्यांच्या कामाला पैसे मिळत होते, जागा मिळत नव्हती.

९. बिक्स बायडरबेकचं वाटोळं व्हाइटमनने केलं असं वाचलं. खरंय?

ही दंतकथा फार गोड आहे: कोवळा कलावंत, जाडजूड व्यापारी, मग दारू आणि मरण. कागदपत्रं मात्र तिला साथ देत नाहीत.

बिक्स आयोवातला, कॉर्नेटवादक, नोटेशन वाचण्यात कच्चा. जीन गोल्डकेटचा बँड मोडल्यावर ऑक्टोबर १९२७ मध्ये सॅक्सोफोनवाल्या फ्रँकी ट्रम्बावरबरोबर तो व्हाइटमनकडे आला, आठवड्याला २०० डॉलरवर. दारू त्याआधीपासूनची. दारूबंदीच्या काळात मिळेल ती, कशीही बनवलेली. १९२९ मध्ये तो कोसळला तेव्हा व्हाइटमनने त्याला घरी डॅव्हेनपोर्टला पाठवलं आणि पगार चालू ठेवला. ६ ऑगस्ट १९३१ ला बिक्स गेला, वय २८.

वाजवायला जागा मिळत नव्हती, ही तक्रारही अर्धीच खरी. 'लोनली मेलडी' ऐका. बिल चॅलिसने सगळी अरेंजमेंट बिक्सच्या वाजवण्याभोवती विणली आहे. 'स्वीट सू' तर अफलातून: गोग्गोड, साखरेच्या पाकात बुडवलेला तीस जणांचा ताफा, आणि मध्ये अचानक बिक्सचा सोलो, जणू सोवळ्यातल्या पंगतीत कुणीतरी खिडकी उघडली. तो संपतो, खिडकी बंद होते, पाक पुन्हा सुरू.

१०. बिंग क्रॉस्बी खरंच चित्रपटाच्या वेळी तुरुंगात होता?

होता. क्रॉस्बी आणि अल रिंकर यांना व्हाइटमनने १९२६ मध्ये घेतलं. हॅरी बॅरिस मिळाल्यावर ते झाले 'रिदम बॉइज'. १९२९ च्या अखेरीस, चित्रपटाचं काम चालू असताना, क्रॉस्बीने पिऊन गाडी ठोकली आणि न्यायाधीशाने साठ दिवस दिले. पोलिसांच्या पहाऱ्यात त्याला चित्रीकरणाला आणावं लागे. त्याच्यासाठी ठेवलेलं 'साँग ऑफ द डॉन' जॉन बोल्सला गेलं.

गाडीवरून आठवलं. बँड हॉलिवूडला पोचला तेव्हा पटकथाच तयार नव्हती. वादक रिकामे, पगार चालू. व्हाइटमनने त्यांच्यासाठी घाऊक भावात फोर्ड गाड्या मिळवल्या, आणि प्रत्येक गाडीच्या मागच्या जादा चाकाच्या कव्हरवर त्याचं तेच बटाट्याचं डोकं.

११. चित्रपट बघण्यासारखा आहे का? आणि 'ब्लू' गाणं हिरवट का दिसतं?

आहे. कथा नाही, नुसते एकापुढे एक प्रवेश. सुरुवातीला वॉल्टर लँट्झचं छोटं रंगीत कार्टून आहे. हिरवट दिसण्याचं कारण तांत्रिक: तेव्हाचं टेक्निकलर दोनच रंगांचं, लाल आणि हिरवट. खरा निळा त्यात उतरतच नसे, म्हणून ऱ्हॅप्सडीचा सगळा सेट मोरपिशी दिसतो. खर्च वीस लाख डॉलरच्या घरात, पण प्रदर्शित होईपर्यंत लोक संगीतपटांना विटले होते. अमेरिकेत आपटला. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला आणि २०१६ मध्ये दुरुस्त केलेली प्रत आली. बिक्स यात शोधू नका, तो तोवर बँड सोडून गेला होता.

१२. १९३० नंतर त्याचं काय झालं?

मंदीत बँड छाटला, पण संपला नाही. १९३१ मध्ये ग्रोफेचा 'ग्रँड कॅन्यन सुइट' शिकागोत पहिल्यांदा त्यानेच वाजवला. मिल्ड्रेड बेली, जॅक टीगार्डन असे लोक त्याच्याकडे गायले, वाजवले. १९३१ मध्येच मार्गरेट लिव्हिंग्स्टन या अभिनेत्रीशी लग्न. वजन उतरवण्याच्या अटीवर, आणि ते त्याने उतरवलंही. स्विंगचं युग आल्यावर तो जुना वाटू लागला. मग रेडिओ, एबीसी या प्रसारण कंपनीचं संगीत-संचालकपद, आणि १९४९ पासून टीव्हीवर किशोरवयीन मुलांचा कार्यक्रम. त्याची हजारो पानांची अरेंजमेंट मॅसेच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात जपून ठेवली आहेत.

१३. मुंबईशी काही संबंध?

थेट नाही, व्हाइटमन इकडे आला नाही. पण ज्या प्रकारचा बँड त्याने रूढ केला तो आला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याचे ख्रिस्ती वादक चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकून आलेले. त्यांना हे लिहिलेलं संगीत वाचायला अडचण नव्हती. त्यांच्यातलाच आल्दोनचा आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवाला चिक चॉकलेट. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांबरोबर, म्हणजे सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं. 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' लावा. ब्रासचा (ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांचा) विभाग लिहून बांधलेला आणि वर एकटा ट्रंपेट मोकळा: प्रश्न ५ मधली जागा दादरच्या वाटेने आपल्याकडे पोचली होती.

१४. रीलला त्याचं संगीत लावलं तर कॉपीराइटची भानगड होईल का?

तबकडीच्या मुद्रणाला भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं संरक्षण असतं, म्हणजे १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. चालीचं गणित वेगळं: रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गर्शविन १९३७ मध्ये गेला, म्हणजे प्रश्न नाही. पण ग्रोफे १९७२ पर्यंत जगला, आणि त्याने लिहिलेल्या अरेंजमेंटचा हक्क चालीपासून वेगळा मोजला जाऊ शकतो. अमेरिकेत नियम निराळे. तिथे १९२४ च्या तबकड्या २०२५ उजाडल्यावर मोकळ्या झाल्या. शिवाय नव्याने साफ केलेल्या आवृत्तीवर कंपन्यांची यंत्रणा आपोआप दावा ठोकते. मूळ तबकडीवरून घेतलेली प्रत वापरा.

१५. आजोबांच्या ट्रंकेत ऱ्हॅप्सडीची तबकडी सापडली. ती १९२४ ची की नंतरची? आणि साफ कशी करू?

व्हिक्टरने ती दोनदा मुद्रित केली, दोन्ही वेळा पियानोवर गर्शविन. १० जून १९२४ ची कर्ण्यासमोरची, क्रमांक ५५२२५. २१ एप्रिल १९२७ ची विजेवरची, क्रमांक ३५८२२. दुसऱ्या वेळी लयीवरून गर्शविन आणि व्हाइटमनचं बिनसलं आणि बँड प्रत्यक्षात नॅथॅनिएल शिल्क्रेटने चालवला, लेबलावर नाव मात्र व्हाइटमनचं. इकडे मिळते ती बहुधा एचएमव्हीची. लेबलावर डमडम (कोलकात्याजवळचं) असेल तर ती १९२८ किंवा त्यानंतरची, कारण तो कारखानाच तेव्हा सुरू झाला. क्रमांक वाचता येत नसेल तर कानाने ओळखा: पहिलीत खालचे सूर पेटीत कोंडल्यासारखे, दुसरीत पियानो खोलीत येतो.

साफ करताना एकच पथ्य. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोमट नव्हे, साधं पाणी, चार थेंब भांडी घासायचं लिक्विड, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. माझी ३५८२२ मी उत्साहाच्या भरात सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसली होती. कापूस काळा झाला तेव्हा वाटलं, वा, किती मळ निघतोय. मळ नव्हता, गर्शविन होता.